शाल, श्रीफळ आणि मुलींची चढाई

तमाम क्रीडारसिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की गेली वीस वर्षं एका माइकने मुलींच्या कबड्डीवर घोर अन्याय केला असून तो माइक माझ्याच हातात होता.

रेवदंड्यापासून मांडव्यापर्यंत गावोगावच्या सामन्यांचं समालोचन मी करतो. पुरुषांच्या सामन्यात मी गळा फुटेस्तोवर ओरडतो. मुलींच्या सामन्यात मात्र देणगीदारांची यादी, सापडलेली चावी आणि सत्कार. पुरुषांचा खेळ चालू असताना सत्कार घेतला, तर लोक मंडप उतरवतील. म्हणून शाल-श्रीफळ कायम मुलींच्या वेळेत. हल्ली सामने मोबाइलवर लाइव्ह जातात. माझ्या तोंडून ‘सत्कार’ निघाला की कॅमेराही व्यासपीठाकडे वळतो.

यंदा उपांत्य सामना जिंकून एक चढाईपटू घाम पुसत माझ्याकडे आली. मुंबईच्या एका संघाच्या प्रशिक्षकांनी तिच्या खेळाचा व्हिडिओ मागितला होता. आवडला तर निवड चाचणीला बोलावणार होते.

“काका, मगाशी एका चढाईत तिघी बाद केल्या. व्हिडिओत काय हाय, ठाव हाय?”

“काय?”

“सरपंचांचा फेटा. पहिल्या वेढ्यापासून तुऱ्यापर्यंत.”

मी हसलो. ती हसली नाही.

“आता फायनल उरलीय. तेवढी बोला. पोरांची बोलता तशी.”

फायनल सुरू झाली आणि मंडळाचे अध्यक्ष चिठ्ठी घेऊन आले. प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, ताबडतोब. मी चिठ्ठी खिशात घातली आणि सुरू झालो: उजव्या कोपऱ्याला हूल, बोनस, पाय आत, हात लागला, परत! कॅमेरा हलला नाही. वडापावच्या गाडीवरची गर्दी खातखातच दोरीपाशी आली.

शेवटची चढाई तिचीच. एका गुणाने मागे, हवे होते दोन. इतक्यात अध्यक्षांना राहवेना. स्वतःच शाल पसरून ते पाहुण्यांपुढे उभे राहिले. इकडे दोघींनी तिचे पाय धरलेले आणि ती पोटावर सरपटत मध्यरेषेकडे निघालेली. पाहुण्यांनी मान डावीकडे काढली, उजवीकडे काढली.

बोटं रेषेला टेकली, हे व्हिडिओत लख्ख दिसतं. पुढच्याच आठवड्यात तिला चाचणीचं बोलावणं आलं. त्या व्हिडिओत माझा फाटलेला आवाज आहे, आणि त्याच्यावर चढलेला पाहुण्यांचाही, कारण भाषणासाठी त्यांच्यापुढे ठेवलेला माइक चालूच होता:

“अहो अध्यक्ष, शाल बाजूला घ्या, रेषा दिसत न्हाय.”