बसून बोलणारा टोटो

टोटोला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो जमिनीवर मांडी घालून बसला होता. पॅरामॅटा या आमच्या उपनगराच्या पलीकडे एक जुनाट बास्केटबॉल स्टेडियम आहे, तिथं शनिवारी सकाळी मुलींच्या मॅचेस असतात. आमची इवा तेव्हा बारा वर्षांची. चर्चच्या क्लबात तिचं नाव नुकतंच घातलं होतं. आत गेलो तर दहा मुली गोल करून उभ्या, आणि मधे एक दांडगा माणूस खाली बसून, मान वर करून त्यांच्याशी बोलतोय. मला वाटलं, कुणाचा तरी बाबा असेल, पाय मुरगळला असेल. मग शिट्टी वाजली आणि तो उठायला लागला. उठतच राहिला. गुडघ्यांवर हात टेकत, टप्प्याटप्प्यानं साडेसहा फूट उभे राहिले तेव्हा माझी बायको सिल्व्हिया हळूच म्हणाली, "अरे, हा संपणार कुठे?"

तो इवाच्या टीमचा कोच होता. टोटो म्हणजे त्याच्या आईच्या बोलीत बाळ्या. हे त्यानंच हसत हसत सांगितलं, आणि सांगण्याआधी मला दंडाला धरून बाकावर बसवलं. ही त्याची खोडच होती. उभ्यानं तो कुणाला काही सांगायचाच नाही. गाड्या लावायच्या जागेत गाठ पडली तर फुटपाथच्या कडेला बसायचा आणि शेजारची जागा हातानं झटकून द्यायचा. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात तो वॉर्ड्समन होता, म्हणजे पेशंटना ट्रॉलीवरून इकडून तिकडे न्यायचं काम. मी तिथल्याच एका लॅबमध्ये, त्यामुळे येताजाता दिसायचा. ऑपरेशनला न्यायच्या पेशंटजवळ तो आधी स्टूल ओढून बसे. आपण कुठे जाणार, किती वळणं लागतील, लिफ्टमध्ये गार वाटेल, हे सगळं सांगून होईपर्यंत ट्रॉलीला हात लावत नसे. नर्सेस घड्याळ दाखवत. हा बसलेलाच.

एकदाच तो मला उभ्यानं भेटला. त्याची आणि त्याच्या बायकोची पीआर, म्हणजे इथं कायम राहायची परवानगी, आल्याचा ईमेल त्याच दुपारी आला होता आणि लॅबच्या दारात हा दोन्ही हात वर करून उभा. बोटं छताला लागलेली. मी विचारलं, आज बसत नाहीस? तर म्हणाला, "चांगली बातमी उभ्यानं सांगायची, मेट. उडी मारायला जागा लागते." आणि खरंच मारली. ट्यूबलाइट थोडक्यात वाचली.

उंच माणसांना आपल्या उंचीचा संकोच असतो, त्यातलाच हा प्रकार, असं मी ठरवून टाकलं होतं. माणसांबद्दल झटकन ठरवून टाकायची मला सवय आहे. पुढे त्याची हकिगत कळत गेली तेव्हा मी किती चुकलो ते समजलं.

टोटोचा जन्म कॅनडातला, विनिपेगचा. आई फिलिपिन्समधून तिथल्या कारखान्यात थंडीचे कोट शिवायला आलेली. कॉलेज संपवून पोरगा उलट्या दिशेनं निघाला आणि मनिलात धंदेवाईक बास्केटबॉल खेळू लागला. तो म्हणायचा, "विनिपेगमध्ये मी फिलिपिनो, मनिलात मी कॅनेडियन. कोर्टवर तेवढा मी फॉरवर्ड." तिथल्या टीम्स कंपन्यांच्या. कुठली रंगाची, कुठली नूडल्सची, कुठली मोबाइलची. हंगामाच्या मध्यात त्या खेळाडूंची अदलाबदल करतात, त्याला ट्रेड म्हणतात. टोटोची सात वेळा झाली. रंगातून नूडल्समध्ये, नूडल्समधून मोबाइलमध्ये, मग पुन्हा रंगात. एकदा तर ज्याच्या बदल्यात याला दिलं त्या पोराचं नावही ठरलेलं नव्हतं. पुढल्या वर्षी जो नवा मिळेल तो.

माझे वडील वसईकडचे, जिल्हा परिषदेचे मास्तर. बदली या शब्दावर आमचं घर वाढलं. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे निदान कागद तरी हातात पडायचा. तुला वाईट नाही वाटायचं? आम्ही त्याच्या अंगणात होतो, तो कोळशावर मांस भाजत होता. हातातला चिमटा ठेवून तो उलट्या बादलीवर बसला.

"पाठवल्याचं वाईट नाही वाटायचं. तो खेळाचा भाग आहे. सांगायला कुणी बसायचं नाही, त्याचं वाटायचं."

पहिल्यांदा त्याला टीमच्या बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं, तुझी बॅग वर चढवायची नाही असा निरोप आहे म्हणून. दुसऱ्यांदा न्हाव्याकडे टीव्हीवर कळलं, अर्धं डोकं कापून झालेलं असताना. एका मॅनेजरनं गाडीचं इंजिन चालू ठेवून खिडकीतून सांगितलं होतं. सातही वेळा सांगणारा उभा, नाहीतर निघण्याच्या घाईत. आपल्या तोंडून कुणाला कधी असं कळू नये, एवढंच त्यानं तिथून उचललं होतं.

इवाच्या दुसऱ्या हंगामात ते त्याच्याच गळ्यात येऊन पडलं. आमच्या क्लबाच्या दुसऱ्या टीममधल्या दोघी बहिणी आईवडिलांबरोबर मेलबर्नला, पॉइंट कुकला राहायला गेल्या. उरल्या चार मुली, आणि कोर्टवर पाच लागतात. दोन आठवड्यांत पाचवी मिळाली नाही तर टीम बंद. क्लबानं टोटोला कळवलं, तुझ्याकडे दहा आहेत, एक दे. पालकांना ईमेल आम्ही पाठवू, तू त्यात पडू नकोस.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजली. सिल्व्हियानं चहा टाकला. टोटोनं खुर्ची नाकारली आणि इवाच्या सोफ्यासमोर गालिच्यावर बसला, म्हणजे दोघांचे डोळे बरोब्बर समोरासमोर आले. इथं इवाबद्दल थोडं सांगायला हवं. शाळा बदलल्यापासून वर्षभर पोरगी घरी आली की खोलीत जायची. विचारलं की "फाइन". या टीममध्ये तिला दोन मैत्रिणी मिळाल्या होत्या आणि शनिवारी परतताना गाडीच्या मागच्या सीटवरून हसणं ऐकू यायला लागलं होतं. त्या हसण्यासाठी मी पहाटे उठून संत्री कापून नेत असे.

"इवा," तो म्हणाला, "मी जे सांगणार आहे ते तुला आवडणार नाही. तुझं बोलून होईपर्यंत मी इथून उठणार नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता. आम्ही घरात मराठी बोलतो, तो अर्थातच इंग्रजीत बोलत होता. इवाचं उत्तरही नेहमीप्रमाणे इंग्रजीतच आलं.

"बिकॉज आय अ‍ॅम नॉट गुड?"

"नाही. त्यांच्याकडे बास्केट मारणाऱ्या तिघी आहेत. त्यांच्यासाठी समोरच्याची वाट अडवून उभी राहणारी एकही नाही. ते काम तू करतेस. मीही आयुष्यभर तेच केलं. तुला द्यायचं माझ्या जिवावर आलंय."

"कॅन आय से नो?"

टोटो म्हणाला, सात वेळांत हे विचारायचं मला सुचलंच नाही. "हो, म्हणू शकतेस. रविवारी सांग. नको असेल तर मी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाऊन बसेन."

तो गेल्यावर माझं डोकं फिरलं. माझीच मुलगी का? मी लॅपटॉप उघडून क्लबाला खरमरीत पत्र लिहायला बसलो. मुलांच्या भावनांशी खेळ वगैरे शब्द त्यात आले होते. सोफ्यावरून इवाचा शांत आवाज आला.

"डॅड, यू डू धिस. एव्हरी मंथ. बाय ईमेल. अँड देन यू पुट युअर फोन ऑन सायलेंट."

लॅबच्या तीन ठिकाणी कोण कुठे जाणार हे मी ठरवतो. तीस माणसं आहेत. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, चार वाजता मी यादी पाठवतो आणि ट्रेन पकडतो. फोन सायलेंटवर टाकतो हे पोरीनं कधी पाहिलं कोण जाणे. पत्र मी पुसून टाकलं. कानफटात बसली की माणूस जरा शुद्धीवर येतो.

रविवारी मिस्सानंतर टोटो चर्चच्या पायरीवर बसला होता. इवा गेली आणि त्याच्या शेजारी बसली. मी मुद्दाम लांब उभा राहिलो, तरी कान तिकडेच. नव्या टीममध्ये पहिल्या दिवशी काय करायचं असतं, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, "कपडे कोण धुतं त्याचं नाव विचारायचं. खेळाडू आपली नावं आपणच सांगतात."

ती गेली. पहिल्या शनिवारी गाडीतून उतरेना. डोळे पुसले, पुन्हा भरले. मी घरी जाऊ या का म्हणणार होतो, तेवढ्यात दार उघडून ती तरातरा आत गेली आणि गुण लिहिणाऱ्या बाईंना त्यांचं नाव विचारलं. त्या दिवशी त्यांची टीम दणकून हरली, पुढच्या शनिवारीही हरली. पण पाच जणी होत्या, टीम टिकली. महिन्याभरानं टोटोच्या टीमशीच मॅच आली. इवानं त्याच्या टीममधल्या सगळ्यात चपळ मुलीची वाट अशी रोखून धरली की ती धडकून खाली बसली. टोटोनं टाळ्या वाजवल्या. त्याच्या बाजूचे आईबाप त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते.

त्याच सुमारास आमच्या लॅबमधल्या दिलानीला दुसऱ्या ठिकाणी पाठवायची वेळ आली. मी तिच्या टेबलाशी गेलो, स्टूल ओढलं आणि बसलो. ती घाबरली. म्हणाली, कोण गेलं? मी सांगितलं. ती चिडली, बरंच बोलली, तिची मुलगी शाळेतून कोण आणणार हे तिनं मला विचारलं. वीस मिनिटं मी उठलो नाही. शेवटी आठवड्यातले दोन दिवस बदलता येतात हे मलाच सुचलं. ईमेलनं ते सुचलं नसतं.

यंदाच्या मे महिन्यात टोटोची आई विनिपेगला घरात पडली. आता तिला एकटं ठेवण्यासारखं नव्हतं. बायको नर्स, तिला तिकडेही काम मिळणार होतं. जायचं ठरल्यावर तीन संध्याकाळी तो नऊ मुलींच्या नऊ घरी जाऊन बसला. दहावं घर आमचं, इवा त्याच्या टीममध्ये नसताना. मी दार उघडलं, तो आत येऊन गालिच्याकडे वळला, आणि आम्हाला कळलंच.

इवानं एवढंच विचारलं, या वेळी कुणी ट्रेड केलं? तो म्हणाला, "मीच. आठव्यांदा, आणि पहिल्यांदाच मला विचारून." मग त्यानं तिला सांगितलं की तो जाणार म्हणून तिनं खेळणं सोडलं तर त्याला फार वाईट वाटेल. इवा रडली, तोही रडला. मलाही आवरेना. चहा तसाच राहिला.

मागच्या रविवारी सकाळी इवानं त्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे शनिवारची संध्याकाळ. आदल्याच दिवशी तिच्या टीमनं, ज्या टीमकडे ती डोळे पुसत गेली होती त्याच टीमनं, तिला कॅप्टन निवडलं होतं. तिनं फोन फळांच्या टोपलीला टेकवला, दोन पावलं मागे गेली आणि काही न बोलता उभी राहिली. तिचा चेहरा फोनमध्ये येत नव्हता, नुसता जर्सीवरचा नंबर दिसत होता. टोटो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला होता, शेजारी शाल पांघरलेली त्याची आई. तो त्या नंबराकडे क्षणभर बघत राहिला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तो उठायला लागला, उठतच राहिला. डोकं दिसेनासं झालं, मग खांदे, आणि शर्टाची बटणं तेवढी उरली.

"आता सांग," वरून कुठूनतरी आवाज आला.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि उभा राहिलो.