खालच्या गावाचं पाणी

"एकाचे किती?" हा प्रश्न आमच्या सरांनी विचारला नाही अशी गोष्ट जगात नसावी. कॉलेजात एखादी अफवा उठली, तरी ती खरी की खोटी याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. एकाने ती किती जणांना सांगितली, एवढंच ते विचारत. एकाने दोघांना सांगितली तर वाढणार, एकाने एकालाच सांगितली तर रेंगाळणार, आणि चौघांनी मिळून तिघांनाच सांगितली तर आठवड्याभरात मरणार. "एकाचा पाऊण झाला की खेळ खलास, बाई," असं ते मला म्हणत. पोरांनी त्यांचं नाव पाऊणसर पाडलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्याचा रागही नव्हता.

पाऊणसर भोकरदनला आमच्या कॉलेजात गणित शिकवत. मी त्याच कॉलेजात प्राणिशास्त्राची नवी अधिव्याख्याती. जालना वेगळा जिल्हा होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. मला पीएच.डी. करायची होती, आणि विषय मिळाला होता नारूचा. आताच्या वाचकांना सांगायला हवं की नारू हा हातभर लांबीचा, दोऱ्यासारखा किडा. पायऱ्यांच्या विहिरीत सायक्लॉप्स नावाचे टाचणीच्या टोकाएवढे जलकीटक असत. नारूची पिल्लं त्यांच्या पोटात, आणि ते कीटक पाण्यातून माणसाच्या पोटात. बरोबर वर्षभराने पायाला फोड येई आणि फोडातून नारू बाहेर डोकावे. माणूस तोच पाय घेऊन विहिरीत उतरला की पिल्लं पुन्हा पाण्यात. पाणी दुहेरी फडक्याने गाळलं की संपलं. इतका सोपा रोग, आणि त्याने गावंच्या गावं ऐन मशागतीच्या दिवसांत लंगडी व्हायची.

मला फक्त कीटक मोजायचे होते. पण सरांनी माझे आकडे पाहिले आणि ते पेटलेच. "बाई, अणुभट्टीचं गणित अन नारूचं गणित एकच हाय! एक अणू फुटला की किती फुटतात? एका नारूचे पुढच्या साली किती? फकस्त हितं मधी एक वरस थांबावं लागतं." नारूचं गणित मांडायचं, एकाचा पाऊण कशाने होतो ते दाखवायचं आणि ते विज्ञानाच्या चांगल्या नियतकालिकात छापायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. माझ्या प्रबंधाचा कणाच आता ते गणित झालं. विद्यापीठातल्या माझ्या मार्गदर्शकांनी एक अट घातली. तुलनेसाठी दोन गावं हवीत. एकात लोक पाणी गाळून पितात, दुसऱ्यात नाही, आणि सलग तीन उन्हाळे मोजणी.

टेंभुर्णीच्या वाटेवर आम्हाला तशी दोन गावं सापडली. वरच्या गावात आरोग्य खात्याची माणसं फडकी वाटून गेली होती. खालच्या गावात ती अजून पोचली नव्हती. आम्ही एकमेकांना समजावलं की आपण कुणाचं काही अडवत नाही, नुसतं मोजतो. हे वाक्य आम्ही इतक्या वेळा म्हटलं, की तेव्हाच मला त्यात काहीतरी खटकायला हवं होतं.

सरांबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप होता. उन्हात एसटीची वाट बघत दोन तास उभं राहायचं, विहिरीच्या पायऱ्या उतरून बादली भरायची, आणि हे वरून म्हणणार, "बाई, बादली काठोकाठ न्हाई. वता अन पुन्हा भरा." एकदा मे महिन्याची सगळी मोजणी त्यांनी बाद केली, कारण आदल्या दिवशी कुणाची तरी म्हैस विहिरीत पडली होती आणि तिला काढताना पाणी ढवळलं होतं. मी म्हटलं, "सर, म्हशीचं कुणाला कळणार आहे?" ते म्हणाले, "मला कळलंय ना." पहिल्या वर्षाचा लेख टंकून घ्यायचा तर गावातल्या यंत्रावर गणिताची चिन्हंच नव्हती. सरांनी जागा कोऱ्या सोडायला लावल्या आणि पेनाने चिन्हं काढली. लेख परत आला. संपूर्ण टंकलिखित पाठवा, आणि तीन वर्षांच्या मोजणीशिवाय निष्कर्ष काढू नका. सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी मात्र बोलले, आणि फार बरं बोलले नाही.

खरी अडचण वेगळीच होती. आपल्याकडे दारात आलेल्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या येतो. खालच्या गावात शेवंताबाईंच्या घरापासून आमची मोजणी सुरू व्हायची, कारण त्यांचं घर विहिरीला लागून. त्या तांब्या आणायच्या आणि मी म्हणायची, "आज निर्जळी उपवास आहे." तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बाईंचे लई उपास," म्हणाल्या. मग सरांकडे वळून हळूच म्हणाल्या, "का आमच्या घरचं पानी चालत न्हाई, सर? तसं सांगा. आमाला सवय हाय त्याची."

शेवंताबाईंचं घर कोणत्या वस्तीत होतं हे वेगळं सांगायला नको. माझी मान खाली गेली. सरांनी तांब्या घेतला आणि घटाघटा रिकामा केला. वर "अजून आना" म्हणाले.

परतीच्या एसटीत मी त्यांना फैलावर घेतलं. खिशातला रुमाल काढून पाणी गाळायला काय झालं होतं? सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रुमाल काढला असता तर तिनं इचारलं असतं, का गाळून राह्यले. मला खोटं बोलता येत न्हाई. अन खरं बोललो तर तुमचं तुलनेचं गाव बिघडतंय." त्या उन्हाळ्यात ते दर खेपेला तिथलं पाणी प्यायले. मी उपवास करत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात सरांच्या घोट्यावर फोड आला. त्यांनी मला घरी बोलावलं आणि पाय पुढे करून दाखवला. "बाई, बराबर वरस. आपलं गणित चुकलं न्हाई." आनंद झाला होता त्यांना. मी संतापले. सरांना वरच्या गावात धरायचं, खालच्या गावात, की भोकरदनच्या नावावर, यावर ते माझ्याशी अर्धा तास वाद घालत बसले. शेवटी खालच्या गावाच्या यादीत त्यांनी स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं.

मग नारू बाहेर यायला लागला. तो एकदम ओढता येत नाही. तुटला तर पाय सुजून माणूस आडवा होतो. काडीला गुंडाळून रोज बोटभर काढायचा. सर स्टुलावर पाय ठेवून शिकवत. दुसऱ्या आठवड्यात नारू तुटलाच. त्यांना ताप चढला. मी भेटायला गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. गणितावर एक अक्षर बोलले नाहीत. "लई दुखतं, बाई," एवढंच म्हणाले. यादीत ज्यांची नावं आम्ही दोन वर्षं लिहीत होतो, त्यांच्यापैकी कुणाला किती दुखतं हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. यादीत तो रकानाच नव्हता.

चालता येऊ लागलं तसे सर मला न सांगता एसटीत बसले. बरोबर मलमलीचं ठाण होतं. खालच्या गावात ते दोन दिवस राहिले, आणि घरोघरी फडकं फाडून, माठाला दुहेरी बांधून दाखवून आले.

पुढच्या मोजणीला गेले तेव्हा मला हे कळलं. शेवंताबाईंच्या माठाच्या तोंडाला स्वच्छ पांढरं फडकं होतं. पलीकडच्या घरी तेच, त्याच्या पलीकडे तेच. तिसरं वर्ष गेलं, तुलनेचं गाव गेलं, माझा प्रबंध गेला. मी विहिरीच्या पायरीवर बसून रडले. खोटं कशाला सांगू, गावासाठी नाही, माझ्यासाठी रडले. शेवंताबाई शेजारी येऊन बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बाई, एक इचारू? तुमाला हे गाळायचं दोन वरसं ठावं व्हतं का?"

"नाही," मी म्हटलं. "आताच कळलं."

त्यांनी मान हलवली. उठून घरात गेल्या आणि गाळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्या दिवशी मी उपवास सांगितला नाही.

सरांशी मी सहा महिने बोलले नाही. बोलले तेव्हा भांडलेच. "तुमच्या दयेपायी माझी दोन वर्षं मातीत गेली," असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हटलं. त्यांना दयाळू म्हणणंही खरं नव्हतं. लेख छापला गेला नाही याचं त्यांना माझ्याहून जास्त लागलं होतं. "अजून एक उन्हाळा थांबलो असतो तर सिद्ध झालं असतं," असं ते पुढे कितीतरी वर्षं म्हणत, आणि म्हणून झालं की स्वतःवरच चिडत. त्यांचं गणित शेवटपर्यंत अर्धवट राहिलं. मी माशांच्या कल्ल्यांतल्या कृमींवर दुसरा प्रबंध लिहिला. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही. दरम्यान विहिरींना कठडे बांधले गेले, हातपंप आले, आणि नारू देशातूनच गेला. सरांचं गणित तपासायला आता एकही रोगी उरला नव्हता.

निवृत्तीनंतर सर जांब समर्थला आपल्या गावी गेले. शेवटी त्यांना भेटले तेव्हा ते फार थकले होते. मोजणीची वही त्यांनी मला दिली. मी ती चाळत होते आणि इतकी वर्षं मनात कोंडलेलं बोलून टाकलं. शेवंताबाईंनी मला काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं, ते सगळं सांगितलं.

सर म्हणाले, "मला बी इचारलं व्हतं तिनं. फडकं बांधायला गेल्तो तव्हाच."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"ठावं व्हतं म्हनलो. दोघांनाबी."

मी वही मिटली. म्हणजे शेवंताबाई पायरीवर माझ्याजवळ येऊन बसल्या, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. माझं खोटं त्यांनी मान हलवून ऐकून घेतलं होतं, आणि मग माझ्यासाठी पाणी आणायला त्या आत गेल्या होत्या.