तुर्कस्तानचा मुराळी

हैदराबादच्या शहजाद्याने तुर्कस्तानची राजकन्या केली, ही बातमी आमच्या देवगावात पोचेपर्यंत त्या दोघांना पोरंबाळं झाली असतील. गावाच्या अलीकडेच सगळ्या बातम्या अशाच दमून बसत. तुर्कस्तानची गादी केव्हाच गेली, ही बातमी तर आलीच नाही. त्यामुळे आमच्या लेखी दोन बादशाह्या एक झाल्या होत्या. वडील म्हणत, "आता तुर्काचा बादशा दिवाळीला व्याह्याकडं येणार. सेलूच्या टेसनावर उतरला की छपराची गाडी आपलीच लागंल." आई म्हणे, "मग ते घोंगडं धुवा आधी."

मी आठ वर्षांची होते आणि मला हे सगळं खरंच वाटे. त्या उन्हाळ्यात बाहुला-बाहुलीच्या लग्नात माझी बाहुली तुर्काची राजकन्या झाली आणि शेजारणीचा बाहुला शहजादा.

घरात अक्काचंही लग्न ठरत होतं, सेलूला. मला एकच घोर होता. सासरवाशिणीला पंचमीला माहेरी आणायला तिचा भाऊ जातो, तो मुराळी. आम्ही दोघी बहिणीच, चुलतभाऊसुद्धा नाही. वडिलांना लेकीच्या घरचं पाणीही चालत नसे. मग अक्काला आणणार कोण?

बाहुलीच्या लग्नादिवशीच अक्काचे होणारे सासरे बोलणी करायला आले. ओट्यावर चहा पीत बसले होते. मिशा भरघोस, आणि आमच्या खेळात निजामाची, म्हणजे शहजाद्याच्या बापाची, जागा रिकामी. मी सरळ जाऊन म्हणाले, "मामा, तुमी निजाम व्हा."

वडिलांचा चेहरा पडला. सासऱ्यांनी मात्र कप खाली ठेवून पटका नीट केला. "काय करावं लागंल?"

"तहावर अंगठा."

"मला सही येती की."

"निजाम अंगठाच लावतो," मी ठोकून दिलं.

तह मी वहीच्या पानावर लिहून ठेवला होता. दोन्ही बादशाह्यांचं राज्य एक. तुर्काच्या म्हशी आमच्या ओढ्यात डुंबतील. राजकन्येला पंचमी-दिवाळीला माहेरी धाडावं, न्यायला कोणीही येवो. सासऱ्यांनी वाचलं, गालात हसले आणि कुंकवाच्या पाण्यात अंगठा बुडवून उठवला.

अक्काचं लग्न झालं. पंचमी आली, आणि सेलूहून सासूबाईंचा निरोप आला: मुराळी नाही तर सुनेला कसं धाडावं, रीत आहे. आईने लिंबाला बांधलेला झोका सोडला. ते मला बघवेना. मी वडिलांचा पटका डोक्याला गुंडाळला, तह पोलक्यात खोचला आणि गाडीत जाऊन बसले. वडिलांनी बैल जुंपले. सेलूत ते वेशीबाहेर गाडीपाशीच थांबले.

पटका नाकावर येत होता. सासूबाईंनी विचारलं, "हे कोण ध्यान?"

"तुर्कस्तानचा मुराळी," म्हणत मी तह काढला.

"पोरगी कुठं मुराळी असती का?"

"लिव्हलंय त्याच्यात. कोणीबी."

सासऱ्यांनी कागद हातात घेतला. लाल अंगठा निरखला. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मग ते आत बघून म्हणाले, "सूनबाई, गाठोडं बांधा. आमचा अंगठा हाय, माघार घेता येत न्हाई." परतीच्या वाटेवर अक्का माझ्या पटक्याला हसत होती आणि देवगाव जवळ आल्यावर त्याच पटक्याने डोळे पुसत होती.

पुढे दर पंचमी-दिवाळीला मीच गेले. माझं लग्न झाल्यावरही आधी मी माहेरी यायचे आणि मग मुराळी होऊन सेलूला जायचे. मग निजामाचं राज्यच गेलं. त्या दिवाळीला मी कागद काढला. घडीवर तो पार विरला होता. मी चाचरत विचारलं, "मामा, आता हा तह चालतो का?"

ते ओट्यावर बसले होते, मिशा पांढऱ्या झालेल्या. म्हणाले, "राज्य निजामाचं गेलं, बाई. अंगठा माझा हाय."