शत्रू दोन वर्षांत कसा परतला

माझ्याकडे रोज मासळी घ्यायला एक चष्मेवाला येतो. बोंबील निवडताना फोन खांद्यात दाबलेला असतो आणि तोंडी अंतराळातली मालिका. परवा तो रडकुंडीला आला होता. मालिकेतला जुना शत्रू सत्तर वर्षांच्या प्रवासाइतका लांब हाकलला होता, तो दोन वर्षांत परतला. फोनवरचे मित्र म्हणत होते, मालिका खोटी. हा एकटाच तिच्या बाजूने भांडत होता.

मी म्हटलं, "आमी खाडीत अंतर नाय बघत, पानी बघतो. जाताना पानी अंगावर असल, येताना पाठीशी."

बोंबील टोपलीत टाकून त्याने ते फोनवर सांगितलं. मग माझ्याकडे वळला.

"मावशी, विचारतायत, हे कोणी सांगितलं?"

"सांग, करावे गावच्या कोळनीनं."