बेसमेंटमधल्या बाई

पेटीचं झाकण उघडण्याआधी काका काचेवर हलकेच टकटक करायचे आणि म्हणायचे, "माफ करा हं बाई, जरा त्रास देतो." आत ओल्या पानांखाली एक काळपट, खरखरीत कातडीची सॅलमँडर असायची, दिसायला पालीसारखी, नात्याने बेडकाची. अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत असताना मी काकांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली होती. गाड्यांची इंजिनं डिझाइन करणारा साठीचा ब्रह्मचारी माणूस एका प्राण्याला अहोजाहो करतो, याचं सुरुवातीला मला हसू आवरेना.

पण ती गंमत नव्हती. या जातीच्या सॅलमँडर जपानच्या दक्षिणेकडच्या मोजक्या बेटांवरच उरल्यात. काकांनी ही असे प्राणी पाळणाऱ्या एका हौशी माणसाकडून घेतली होती. "जंगलातूनच कुणीतरी उचलली असणार," ते मला म्हणाले. "मी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. आता सॉरी म्हणायचं तर हिलाच म्हणायला हवं ना?"

सेवा मात्र सुनेने खाष्ट सासूची करावी तशी. बेसमेंट ऐन उन्हाळ्यातही गार ठेवायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरिन औषधाचे थेंब घालून घालवायचं, बागेतली गांडुळं धुऊन भरवायची. आणि पाणी उथळ बशीत, जेमतेम बोटाचं पेर बुडेल इतकंच. "अरे, ही जमिनीवर राहणारी. अंडीसुद्धा पाण्याबाहेर, पालापाचोळ्यात घालते. पिल्लं तेवढी पाण्यात वाढतात. हिला डीप पाण्यात टाकलं तर बुडून मरेल!" हे ते महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, आरतीच्या रांगेतही ऐकवत. लोक प्रसाद घेऊन सटकत.

फक्त सांगलीला असलेल्या स्वतःच्या आईला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. बाईंना कुणाच्या भरवशावर सोडवेना, म्हणून काका कित्येक वर्षं घरी गेले नव्हते. फोनवर म्हणायचे, "सुट्टीच देत नाहीत गं." शेवटी वाट पाहून त्यांची आईच, म्हणजे आजी, इकडे आल्या. पेटी बघून त्यांनी हे काय म्हणून विचारलं, तेव्हा काका गडबडले. "मित्राची आहे. थोडे दिवस ठेवायला दिलीय," म्हणाले.

मग काका ऑफिसच्या कामाला शिकागोला गेले. दुसऱ्या दिवशी परतले, तर आजी त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेल्या. मीही मागे गेलो. पेटी नळाच्या पाण्याने काठोकाठ भरली होती.

"परक्याचा जीव आपल्याकडे राहायला आलाय आणि त्याला बशीभर पाणी? काय म्हणेल तो मित्र?" आजी म्हणाल्या. "बघ आता कशी निवांत पडलीय!"

काकांनी पाण्यात हात घातला. एरवी नुसता हात लागला तरी बरगड्या ताठ करणाऱ्या बाई त्यांच्या तळव्यावर मऊ पडून राहिल्या. मी बोलायला तोंड उघडलं. काकांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि म्हणाले, "हो गं. झोपलीय. चल, वर चहा घेऊ."

नंतर काकांनी आजींना सांगितलं की मित्र तिला घेऊन गेला. मला राहवेना. "काका, आजींनी निदान एकदा विचारायचं तरी."

"कुणाला? मित्राला?" ते म्हणाले. "माझी आहे म्हणालो असतो, तर तिने मला विचारल्याशिवाय पाण्याचा थेंब घातला नसता. तिचं काही चुकलं नाही रे. दोघींचं वाटोळं मी केलं."

आजी परत निघाल्या, तेव्हा विमानतळावर काका वाकून पाया पडले. "आई, या दिवाळीला मी येतो. आता सुट्टी मिळेल."

आजींचा विश्वासच बसेना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "सोडलं बाई एकदाचं माझ्या लेकराला! तुझ्या साहेबाला माझा आशीर्वाद सांग. सुखी राहा म्हणावं."

"सांगतो," काका म्हणाले. आजी आत दिसेनाशा होईपर्यंत त्यांना मान वर करवली नाही.