मेयरसाहेबांच्या सत्कारातला लिफाफा

ओहायोतल्या आमच्या गावाला पहिला काळा मेयर मिळाला आणि चौकातली निदर्शनं हळूहळू आटोपली. मी त्यांत कधी उभा राहिलो नव्हतो, पण गाडीतून जाताना पाठिंबा म्हणून नेमाने हॉर्न वाजवायचो. निवृत्त इंजिनियरच्या मानाने हे बरंच झालं, असं माझं मत होतं.

शेजारच्या बाई मात्र दर शुक्रवारी उभ्या राहायच्या. काळ्या, सत्तरीच्या, आयुष्यभर शाळेची बस चालवलेल्या. त्यांच्या मुलाला पोलिसांनी गाडीचा मागचा दिवा बंद आहे म्हणून थांबवलं आणि तो काही घरी परत आला नाही. नीट चौकशी व्हावी, एवढीच त्यांची मागणी होती. सुरुवातीला चौक भरून जायचा. मग मेयर निवडून आले आणि लोक म्हणायला लागले, आता आपलाच माणूस बसलाय, त्याला जरा वेळ देऊ या. चर्चची मंडळी यायची थांबली, कॉलेजची पोरं पांगली. मेयरांनी एका भिंतीवर काळ्यांच्या लढ्याची खूण असलेल्या आवळलेल्या मुठीचं भलंमोठं चित्र काढून घेतलं, त्याचं उद्घाटनही केलं. चौकशी तेवढी राहून गेली. शेवटी फलक धरून बाई एकट्याच उरल्या.

गणपतीत आमच्या इथल्या मराठी मंडळाने मेयरांचा सत्कार ठरवला. सत्कार हा आमचा हातखंडा. वयामुळे शाल घालायचा मान माझ्याकडे आला. हे कळल्यावर बाईंनी मला एक लिफाफा आणून दिला. आत मुलाबद्दलचं पत्र होतं. मेयरांच्या ऑफिसला तीनदा पाठवूनही उत्तर आलं नव्हतं.

"त्यांच्या हातातच द्या," त्या म्हणाल्या. मी शब्द दिला.

स्टेजवर मी शाल घातली, नारळ दिला आणि वर लिफाफा ठेवला. आमच्या तरुण अध्यक्षाने तो पाहिला आणि सवयीने माइकवर जाहीर करून टाकलं, "शाल, श्रीफळ आणि मंडळातर्फे मानाचं पाकीट!" पाहुण्यांसाठी इंग्रजीतही सांगितलं. टाळ्या पडल्या. मेयरांची सेक्रेटरी लगबगीने पुढे आली. मेयरांना पैसे स्वीकारता येत नाहीत, असं गोड आवाजात सांगून तिने लिफाफा माझ्या हातात परत दिला. नारळ चालत होता.

आत पैसे नाहीत, पत्र आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. तेवढ्यात अध्यक्ष कानाशी पुटपुटला, "काका, लीव्ह इट यार, ग्रुप फोटो पेंडिंग आहे." मी दात दाखवून उभा राहिलो. स्वतःची भयंकर चीड आली होती, पण फोटोत ती दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला कुंपणापाशी गाठलं.

"दिलंत? त्यांच्या हातात?"

"हातात दिलं," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. "मग आता मी चौकात जात नाही. त्यांना वाचायला सवड देते. माझे गुडघेही फार दुखतात."

मी मान डोलावली. लिफाफा माझ्या कपाटात शर्टांखाली होता.

शुक्रवारी त्या बाहेर पडल्या नाहीत. घरापुढे खुर्ची टाकून पोस्टमनची वाट बघत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी हात केला.