टाक्यांवरची पांढरी खपली

मांजरीचं पोट उघडलं त्या दिवसापासून टाके निघेपर्यंत दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत मी स्वयंपाक केला, गणपतींच्या पितांबरांना पिवळा रंग दिला, आल्यागेल्याला चहा केला. पण मन लावून काम केलं ते एकच, भिण्याचं.

मी माहेरची रोह्याची. नव्वदनंतरच्या दोन-तीन वर्षांत कधीतरी लग्न होऊन पेणला आले. सासरी गणपतींचा कारखाना होता. सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा नागोठण्याकडच्या कंपनीत शिफ्टला. त्यामुळे दिवसभर घरात आणि कारखान्यात मी आणि सासरे, म्हणजे मामा. पहिल्या दिवाळसणाहून परतताना मी माहेरची मांजरी टोपलीत घालून घेऊन आले. मामांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "सोनं नको म्हटलं होतं मी, म्हणून हे दिलं काय तुझ्या बापानं?" तरी त्यांनी तिला ठेवून घेतली. मूर्तीत भरायच्या काथ्याच्या गठ्ठ्यांत उंदीर फार झाले होते. ती उंदीर धरायची मामांसाठी आणि झोपायची माझ्या मांडीवर. पेणमध्ये माझं म्हणावं असं तेवढंच होतं, हे तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते.

तिसऱ्या वर्षी, गणपती महिन्यावर आलेले असताना, आईनं रोह्याहून सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, पाठवले. पुडीचा दोरा मी सोडला आणि तिथंच टाकला. सोड्यांचा वास लागलेला दोरा. दुसऱ्या दिवसापासून मांजर ओकायला लागलं. तिसऱ्या दिवशी पाणीही बंद झालं. पेणच्या दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर लसी टोचायला गावांमध्ये गेले होते. तिथला माणूस म्हणाला, "रोह्याला न्या. तिथले डॉक्टर कापाकापी करतात."

एस.टी.त टोपली मांडीवर घेऊन बसले. वडखळवरून जाणारी गाडी, माणसं दरवाज्यापर्यंत उभी. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोंबडी हाय काय?" मी होय म्हटलं. मांजर म्हणून सांगितलं असतं तर ती बोलत बसली असती, आणि मला टोपलीतला श्वास ऐकायचा होता.

डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून जीभ वर केली. जिभेखाली दोरा अडकला होता. "दुसरं टोक आतड्यात गेलंय. आतडी गोळा झाली असणार," ते म्हणाले. "मी म्हशी केल्यात, शेळ्या केल्यात, दोन-तीन कुत्रे केलेत. मांजर हे पहिलंच."

"जगेल का?"

"नाही केलं तर मरेल. एवढं मी खात्रीनं सांगतो."

आई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. आई म्हणाली, "एवढं काय रडतेस गो, मांजरच हाय ती." आणि स्वतःच पदराला डोळे पुसले. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. आतडं दोन ठिकाणी कापावं लागलं होतं. ताटलीत तो दोरा ठेवला होता, चांगला हातभर लांब.

सूचना मी आजही म्हणून दाखवीन. दोन दिवस तोंडात काही नाही, फक्त सलाईन. मग तांदळाची पातळ पेज, चमचा-चमचा. टाके चाटू द्यायचे नाहीत. ही एवढीच पावडर लावायची, दुसरं काही लावायचं नाही. आणि पाचवा दिवस सांभाळायचा, आतला टाका सुटला तर त्याच सुमाराला सुटतो. ओकली, पोट फुगलं, अंग तापलं, तर लगेच घेऊन यायचं.

दोन दिवस आईकडे राहून सलाईन दिलं. तिसऱ्या दिवशी पेणला आणलं, कारण कारखान्यात हात कमी पडत होते. नवऱ्याच्या जुन्या बनियनच्या बाहीला चार भोकं पाडून मी तिच्या अंगात घातली. बनियन घातलेलं मांजर पाहून नवरा हसला. मी तिला रंगकामाच्या खोलीत पाटावर ठेवलं. दर थोड्या वेळानं ब्रश खाली ठेवायचा आणि तिच्या पोटावर तळवा ठेवून श्वास मोजायचे. मोजताना माझाच श्वास चुकायचा. एका मूर्तीचा पितांबर मी दोनदा रंगवला आणि दुसरीचा तसाच राहिला.

चौथ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर बाही ओली होती. टाक्यांतून पाणी झिरपत होतं. डॉक्टरांची पावडर दमट हवेनं डबीत गोळा होऊन बसली होती. आता आमच्या कारखान्यात कुणाला काही कापलं, खरचटलं की त्यावर शंखजिरं दाबायचं, अशी पद्धत. साच्याला मूर्ती चिकटू नये म्हणून शंखजिरं लावतात, ते कायम हाताशी असतं. मामांच्या बोटांच्या कितीतरी जखमा त्यानंच सुकल्या होत्या. डॉक्टरांनी दुसरं काही लावू नका म्हटलं होतं, पण डॉक्टरांना काय माहीत आमचं शंखजिरं, असं मला वाटलं. मी तशी शहाणीच.

वीज गेलेली, बाहेर पाऊस, खोलीत अंधारलेलं. फळीवर दोन डबे शेजारी शेजारी असायचे, एक शंखजिऱ्याचा आणि एक प्लास्टरचा, मूर्तीचे टवके भरायला ठेवलेला. दोन्ही पांढरे. शंखजिरं बोटाला गुळगुळीत लागतं, प्लास्टर लागत नाही. कारखान्यातलं कुणीही डोळे मिटून सांगेल, मीही सांगितलं असतं. पण टाक्यांना हात लावायचा म्हणून मी नुकतेच साबणानं हात धुतले होते आणि बोटं ओली होती. चांगलं दोन चिमटी भुरभुरवलं. पाणी थांबलं. मी खूश झाले.

संध्याकाळी मामा जवळच्या जोहे गावाहून साचे घेऊन भिजून आले. डोकं पुसता पुसता त्यांनी मांजरीच्या अंगातली बाही वर करून पाहिलं.

"काय लावलंस गो हे?"

"शंखजिरं."

त्यांनी टाक्यांवर नख वाजवलं. टक् असा आवाज आला. "शंखजिरं नाय हे," ते म्हणाले.

ओल्या जखमेवर प्लास्टर घट्ट बसलं होतं, आणि टाक्यांचे दोरे, केस, कातडी सगळं त्यात पकडलं गेलं होतं. ओढलं तर टाके उपटणार, ठेवलं तर आत काय होईल कोण जाणे. उद्या पाचवा दिवस. मी टोपली शोधायला लागले, तेवढ्यात नवरा शिफ्टवरून आला तो ट्रकमध्ये बसून, लांबचा वळसा घेऊन. अंबा नदीचं पाणी नागोठण्यात शिरलं होतं. एस.टी. बंद, रेल्वेही बंद.

कोपऱ्यावरच्या फोनवरून डॉक्टरांना लावला. खरखरीत मला एवढंच ऐकू आलं, "ओढायचं नाही. मिठाचं कोमट पाणी. मऊ होईल तेवढंच काढा. घाई केली तर मांजर गेलं म्हणून समजा."

घरी येऊन मी मामांसमोर उभी राहिले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "गणपतीचे डोळे काढताना माझा हात किती वेळा चुकलाय. पण ते पुसता येतं. हे पुसता यायचं नाय, म्हणून सावकाश घ्यायचं. तू धर."

मूर्तीचे डोळे आखायचा त्यांचा सगळ्यात बारीक ब्रश होता, त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. तो त्यांनी मिठाच्या पाण्यात बुडवला. ऐन हंगामात तीन दिवस त्यांनी एकाही गणपतीचे डोळे काढले नाहीत. सकाळी तासभर, दुपारी तासभर, कापूस भिजवून ठेवायचा, ब्रशनं कड मऊ करायची आणि मसुराएवढा तुकडा उचलायचा. कधी तुकड्याबरोबर केस यायचे, मग ती किंचाळायची.

धरायचं काम माझं. एका मुठीत मानेची कातडी, दुसऱ्या मुठीत मागचे पाय, आणि कोपरानं छातीवर दाब. तिनं माझे हात सोलून काढले. मी सोडलं नाही. सोडलं तर ब्रश टाक्यात जाईल, ही एक भीती. जास्त दाबलं तर आतला टाका सुटेल, ही दुसरी. पहिल्या दिवशी ती ओरडत होती. दुसऱ्या दिवशी ओरडायची थांबली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली, ते मला ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं. ती दमली म्हणजे संपत आली, असंच माझ्या मनानं घेतलं. पेज तोंडाला लावली तर मान फिरवायची. पोट चाचपायला माझे हात धजत नव्हते, म्हणून मामांनाच सांगायचे, "बघा ना, फुगलंय का." ते बघायचे आणि म्हणायचे, "अजून नाय." त्या "अजून"नं मला घास जायचा नाही.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे मांजरीच्या सातव्या, शेवटचा तुकडा निघाला. खाली कातडी लाल होती, पण टाके जागच्या जागी होते. मामांनी बोट पेजेत बुडवून तिच्या नाकाला लावलं. तिनं चाटलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चाटलं. मी उठून मागच्या दारी गेले आणि मोठमोठ्यानं रडले.

पाणी ओसरलं. दहाव्या दिवशी रोह्याला नेलं. डॉक्टरांना टाक्यांच्या कडेला पांढरं काही दिसलं, आणि मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी मूर्ती घेऊन या बाई, मांजर नको." टाके कापले, पोट दाबून पाहिलं, तोंड उघडून जीभ पाहिली. "बरी झाली. आता हिचं ऑपरेशन झालं होतं हेही विसरा."

येताना गाडीत मला झोप लागली, दहा दिवसांतली पहिली. घरी येऊन टोपली जमिनीवर ठेवली, झाकण काढलं आणि उचलायला दोन्ही हात पुढे केले. तिनं कान मागे पाडले, अंग जमिनीला चिकटवलं आणि माझ्या हातांखालून निसटून मामांच्या पाटाशी जाऊन बसली. मामा डोळे काढत होते. त्यांनी ब्रश थांबवला. "विसरेल गो दोन दिवसांत," ते म्हणाले.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. उंदीर धरले, दोनदा पिल्लं घातली, मामा आजारी पडले तेव्हा त्यांच्या पायथ्याशी झोपली. माझा तिच्यावर कधी राग नव्हता आणि तिचाही माझ्यावर असेल असं वाटत नाही. तिला माझी भीती वाटायची, एवढंच. सकाळी मी तिची दूधभाताची वाटी ठेवायचे आणि चार पावलं मागं सरायचे, म्हणजे ती खायला यायची. तीनच सरले तर यायची नाही.